विज्ञान दिनाला भाचीला कमला सोहोनींवर बोलायचंय, पण रामन यांनी नकार दिला ते सांगायचं की नाही?

अमळनेरची_मावशी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी भाची नववीत आहे. बहीण-मेव्हणे कामाला सुरतला असतात म्हणून ती शिकायला आमच्याकडे अमळनेरला. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिनाचा कार्यक्रम असतो, त्यात प्रत्येकाने एका शास्त्रज्ञाच्या बालपणाबद्दल आणि शिक्षणाबद्दल सात मिनिटं बोलायचं, आणि हिने स्वतः नाव काढलं कमला सोहोनी. कुठून काढलं तर दुर्गा भागवतांबद्दल धड्याच्या निमित्ताने बाईंनी वर्गात काहीतरी सांगितलं होतं, त्यात बहिणीचा उल्लेख आला, तेवढ्यावरून ही मागे लागली. आठ दिवस मोबाइलवर शोधून शोधून वहीची अकरा पानं भरली.

आता अडचण अशी की बंगळूरच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंना सी. व्ही. रामन यांनी मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला होता, आणि २८ फेब्रुवारी हा दिवस तर रामन यांच्याच शोधाचा. विज्ञानाच्या सरांनी वही वाचली आणि म्हणाले की बेटा छान लिहिलंय पण त्या दिवशी सगळ्यांसमोर रामन यांच्याबद्दल असं बोलणं बरं दिसणार नाही, तेवढा भाग काढ नाहीतर सरळ मेरी क्युरी घे. सर वाईट नाहीत हो, उलट स्वतःच्या खिशातून सामान आणून प्रयोग दाखवणारे आहेत. पण पोरगी दोन दिवस गप्प आहे. म्हणते तो भाग काढला तर मग उरतं काय?

आणि अजून एक, हे मी तिच्याशी बोलले नाही. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, कार्यक्रमाला पालक म्हणून येणार आहेत. अण्णांचं प्रेम फार आहे तिच्यावर पण दहावीनंतर सायन्सला बाहेरगावी पाठवायचं म्हटलं की त्यांचं एकच, "इतलं शिकीसन काय करशी व माय, आठेच ऱ्हाय." म्हणजे इतकं शिकून काय करशील, इथेच राहा. म्हणून मला वाटतं हे भाषण तिनं नीट करावं. अण्णांनी ते ऐकावं.

कोणाला कमलाबाईंच्या लहानपणाचं, शिक्षणाचं खात्रीचं माहिती असेल तर सांगा. आणि रामन यांचं काय करायचं तेही सांगा.

निवृत्त_केमिस्ट्री

ताई, पहिलं म्हणजे पोरीला आज रात्रीच सांगा की नाव बदलायचं नाही.

मी जळगाव जिल्ह्यात एकतीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १८ जून १९११, इंदूरचा. दुर्गाबाई त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण, १९१० च्या. एकीनं लोकसाहित्य आणि संस्कृती धरली आणि दुसरीनं बायोकेमिस्ट्री, एकाच घरातून. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही केमिस्ट, आणि दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, म्हणजे आज आपण ज्याला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो तीच संस्था. ही गोष्ट पोरीनं भाषणात अगदी सुरुवातीला सांगावी असं मला वाटतं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

बघा ना, ज्या घरात जेवताना बाप आणि काका प्रयोगशाळेच्या गप्पा मारत असतील त्या घरातल्या मुलीला बंगळूर म्हणजे काही परका मुलूख वाटला नसणार, आपल्याच माणसांची शाळा वाटली असणार. तिने मुंबई विद्यापीठातून १९३३ साली केमिस्ट्री मुख्य आणि फिजिक्स दुय्यम घेऊन बी.एस्सी. केलं, आणि पहिल्या वर्गात पहिली आली. मग अर्ज केला. घर तेच, विषय तोच, मार्क सगळ्यांपेक्षा जास्त. तरी नकार आला. म्हणजे नाकारायला बाकी कुठलंच कारण शिल्लक नव्हतं, मुलगी आहे हे एकच कारण उरलं होतं. हे अण्णांना बरोबर कळेल, माझा अनुभव आहे की जुन्या माणसांना हिशोब मांडून दाखवला की कळतं.

आणि मग ती रडत परत आली नाही. गांधींच्या सत्याग्रहाचे दिवस होते, ती रामन यांच्या ऑफिसबाहेर सत्याग्रहाला बसली, की कारण सांगा. बावीस वर्षांची मुलगी आणि समोर तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेला माणूस!

शेवटी घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थिनी नाही, काम बघून मग ठरवू. गाइड म्हणतील तेव्हा रात्रीबेरात्री काम करायचं. आणि तिच्यामुळे लॅबमधलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. या तिसऱ्या अटीवर पोरीनं थांबावं, घाईनं वाचू नये. गाइड मिळाले श्रीनिवासय्या, शिस्तीचे कडक पण शिकवणारे. त्यांच्या हाताखाली तिनं दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं आणि १९३६ ला एम.एस्सी. झाली.

माझं थोडं सांगते. १९७४ ला मी बी.एस्सी. ला होते, गावाहून एसटीने जाऊन येऊन. प्रॅक्टिकल संपायचं साडेपाचला आणि गावात येणारी शेवटची गाडी पाचची, म्हणून रोज दुसऱ्या गाडीने फाट्यापर्यंत यायचं आणि तिथून चार किलोमीटर अंधारात. एक सर वर्गात म्हणाले होते की मुलींनी आर्ट्स घ्यावं म्हणजे हा प्रश्नच येत नाही. माझे काका तीन वर्षं रोज संध्याकाळी शेतातून सायकल घेऊन फाट्यावर येऊन उभे राहायचे, टॉर्च घेऊन, पावसाळ्यात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन. स्वतः चौथी पास. म्हणून मला कमलाबाईंच्या गोष्टीत त्यांच्या बापाइतकाच तो काका दिसतो. अण्णा कार्यक्रमाला येतायत ना, मग पोरीनं काका आणि वडिलांवर पूर्ण एक मिनिट द्यावं.

तापीकाठचा

वरच्या मॅडमनी छान लिहिलंय, मला फक्त रामन यांच्याबद्दल बोलायचंय कारण मी फिजिक्सवाला आहे आणि लहानपणापासून माझ्या टेबलावर त्यांचा फोटो आहे.

सर म्हणतायत तसं ते झाकू नये, पण त्यांना खलनायकही करू नये असं मला मनापासून वाटतं. १९३३ लाच ते त्या संस्थेचे संचालक झाले होते, पहिले भारतीय संचालक. त्या काळात भल्याभल्या शिकलेल्या माणसांचं मत बायकांबद्दल असंच होतं. मुद्दा असा की वर्षभर काम बघितल्यावर त्यांनी मत बदललं, कमलाबाईंना रीतसर घेतलं आणि त्यानंतर संस्थेचं दार मुलींना उघडलं. पुढे त्यांच्या स्वतःच्या लॅबमध्ये अॅना मणी होत्या, ज्यांनी नंतर हवामान खात्यात वारा, ऊन मोजायची उपकरणं देशात बनवायचं एवढं मोठं काम केलं. म्हणजे ज्यानं दार बंद केलं त्यानंच उघडलं. पोरीनं शेवट असा केला तर सरही खूश, विज्ञान दिनही साजरा, आणि खोटंही काही नाही.

पांझराकाठ_धुळे

दादा, तुमचा आदर ठेवून सांगते, असा शेवट मला नाही पटला. आणि मला राग आलाय म्हणून नाही सांगत, पोरीच्या काळजीने सांगतेय.

दार उघडलं ते कमलाबाईंनी. वर्षभर परीक्षा तिनं दिली, अशी परीक्षा की जी शेजारच्या टेबलावरच्या एकाही मुलाला द्यावी लागली नव्हती. शेवट "रामन यांनी मत बदललं" असा केला की गोष्ट रामन यांची होते, आणि सात मिनिटं तर कमलाबाईंची आहेत. आणि तिला स्वतःला ते विसरता आलं नव्हतं, पार म्हातारपणी सत्कारात बोलताना सुद्धा त्यांनी सांगितलं की रामन मोठे शास्त्रज्ञ होते पण मनाने संकुचित होते आणि केवळ बाई म्हणून मिळालेली ती वागणूक त्या विसरू शकल्या नाहीत. पन्नास-साठ वर्षं ते मनात राहिलं. आपण कोण ते पुसणारे?

अॅना मणींचंही पुढचं सांगा की. १९४० ला बंगळूरला गेल्या, रामन यांच्या लॅबमध्ये हिरे आणि माणकांवर काम केलं, पाच पेपर लिहिले, १९४५ ला प्रबंध दिला, आणि मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही, का तर एम.एस्सी. केलेली नाही. म्हणजे दार उघडलं तरी आत अजून एक दार होतंच.

आणि सर म्हणतात मेरी क्युरी घे, म्हणून तेही लिहिते. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता, म्हणून मारिया आणि तिची बहीण ब्रोन्या चोरून चालणाऱ्या वर्गांना जायच्या, ज्याला फिरतं विद्यापीठ म्हणायचे कारण पोलिसांना कळू नये म्हणून जागा बदलत राहायची. पोलंडवर तेव्हा रशियाचं राज्य. दोघींनी ठरवलं की आधी मारियाने लोकांच्या घरी मुलांना शिकवायची नोकरी करायची आणि ब्रोन्याला पॅरिसला डॉक्टरकीसाठी पैसे पाठवायचे, मग ब्रोन्याने मारियाला बोलवायचं. तशी ती १८९१ ला, चोवीस वर्षांची होऊन, पॅरिसला गेली. १८९३ ला फिजिक्समध्ये पहिली आली. आणि एवढं सगळं होऊन, एक नोबेल मिळून, १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीने तिला सभासद करून घेतलं नाही. त्याच वर्षी तिला दुसरं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंदूरला कमला जन्मली. तेव्हा सरांना नम्रपणे विचारा की मेरी क्युरी घेतली तरी नकाराचा भाग कुठे चुकतो?

भुसावळ_जंक्शन

फार लिहीत नाही, प्लॅटफॉर्मवर बसून टाइप करतोय. एकच दुरुस्ती. पोरीच्या वहीत "भारतातली पहिली महिला पीएच.डी." असं असेल तर जपून. कमलाबाईंना केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ला, पण जानकी अम्माळ यांना वनस्पतिशास्त्रासाठी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९३१ लाच डॉक्टरेट दिली होती. "विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी" असं म्हटलं की कोणी चूक काढणार नाही. परीक्षक हटकून तिथेच पकडतात, माझ्या पोराला पकडलं होतं.

तापीकाठचा

@पांझराकाठ_धुळे ताई, अॅना मणींच्या पीएच.डी. चं मला माहीत नव्हतं हो. वाचून वाईट वाटलं. फोटो टेबलावरून काढणार नाही पण तुमचं म्हणणं बरोबर आहे, शेवट तिचाच पाहिजे. मग शेवट केंब्रिजवर करायचा का?

निवृत्त_केमिस्ट्री

हो, केंब्रिजच. १९३७ ला स्कॉलरशिप घेऊन गेल्या, न्यूनम कॉलेजला. बायोकेमिस्ट्रीचे प्रमुख होते हॉपकिन्स, ज्यांना १९२९ चं नोबेल व्हिटॅमिनच्या कामासाठी मिळालं होतं. तिथली एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचे. लॅबमध्ये जागाच नव्हती, तेव्हा रिक्टर नावाच्या शास्त्रज्ञाने आपलं एक टेबल तिला दिवसा वापरायला दिलं, आणि रात्री तो त्याच टेबलावर झोपायचा. बंगळूरला वातावरण बिघडेल म्हणणारे आणि इथे आपली झोपायची जागा देणारा, मध्ये फक्त चार वर्षं.

पण गोऱ्यांचं सगळं चांगलं होतं असं पोरीनं म्हणू नये. केंब्रिजने बायकांना विद्यापीठाचं पूर्ण सभासदत्व १९४८ ला दिलं, तोपर्यंत पदवीचं नाव मिळायचं पण त्याबरोबरचे हक्क नाहीत.

पुढे रॉबिन हिल यांच्याकडे तिने बटाट्यावर काम केलं आणि दाखवलं की वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं, म्हणजे पेशी अन्नापासून ऊर्जा काढते त्या साखळीतलं एक प्रथिन. प्रबंध फक्त चाळीस पानांचा, आणि काम चौदा महिन्यांत पुरं. माझ्या मुली चाळीस पानं ऐकून खूश व्हायच्या, मी म्हणायचे बायांनो त्या चाळीस पानांत पाणी घातलेलं नाही. १९३९ ला परत आल्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात, मग कुन्नूरला पोषणाच्या लॅबमध्ये, लग्नानंतर मुंबईला विज्ञान संस्थेत. तिथे पुढे संचालक झाल्या. ते सगळं एका वाक्यात उरकावं, विषय शिक्षणाचा आहे. फक्त कडधान्यांचं सोडू नये. कच्च्या डाळीत ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो, ट्रिप्सिन म्हणजे आपल्या पोटात प्रथिनं तोडणारं एन्झाइम, आणि शिजवलं की तो घटक बराचसा निकामी होतो, या गोष्टीवर त्यांनी मुंबईत आपल्या विद्यार्थ्यांबरोबर बरंच काम केलं. आपल्याकडे कळण्याची भाकरी घरोघर होते, ज्वारीत उडीद घालून दळतो आपण. त्या उडदात काय आहे हे बघायला एक बाई आयुष्यभर लॅबमध्ये उभी होती, हे अण्णांना सांगा.

शिरपूर_प्रयोगशाळा

मी झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. नुसतं बोलण्यापेक्षा स्टेजवर एक मिनिटाचा प्रयोग करा, पोरं झोपणार नाहीत. मेडिकलमध्ये जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. दोन काचेच्या पेल्यांत थोडं थोडं ओता. एकात कच्च्या बटाट्याची फोड, दुसऱ्यात उकडून गार केलेल्या बटाट्याची फोड. कच्च्यावर लगेच फेस येतो, उकडलेल्यावर येत नाही. कच्च्या बटाट्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड तोडतं, पाणी आणि ऑक्सिजन होतो, ते बुडबुडे ऑक्सिजनचे. उकडल्यावर एन्झाइम मरतं म्हणून काही होत नाही. हे सायटोक्रोम सी नाही हे पोरीनं स्पष्ट सांगावं, चूक सांगू नये, पण निर्जीव दिसणाऱ्या बटाट्यात एवढं काम चाललेलं असतं आणि कमलाबाई त्याच बटाट्यात शोधत होत्या हे मागच्या रांगेपर्यंत पोचतं. डोळ्यात उडू देऊ नका, आणि आधी घरी एकदा करून बघा.

आणि सरांचं म्हणाल तर मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित मीही तेच म्हटलं असतं, भीती वाटते हो, कोणी पालक उठून बोलला तर. म्हणून मुलीला एकटीला पाठवू नका, मावशीने बरोबर जावं आणि लिहिलेलं पान दाखवावं. रामन यांच्या शोधाबद्दल दोन वाक्यं आदराने, १९२८ ला २८ फेब्रुवारीला जाहीर झाला हे, आणि मग "याच रामन यांच्या दारात" असं म्हणून पुढे जावं. मोठा माणूस मोठाही असतो आणि चुकतोही, नववीच्या मुलांना हे कळतं. ती आपल्यापेक्षा सरळ असतात.

अमळनेरची_मावशी

मंडळी, काय लिहू, तुम्ही सगळ्यांनी एवढं मनावर घेतलं.

आज सरांकडे गेलो दोघी. शिरपूरच्या सरांनी सांगितलं तसंच पान नेलं होतं. सरांनी दोनदा वाचलं, मेरी क्युरीचं १९११ चं वाचून थोडा वेळ बोललेच नाहीत, मग म्हणाले ठीक आहे, पण तिसरी अट वाचताना आवाज चढवू नकोस, शांतपणे वाच, जास्त ऐकू येतं. हे मला फार आवडलं. आणि सात मिनिटांची नऊ करून दिली, प्रयोगासाठी.

काल रात्री घरी बटाट्याचा प्रयोग केला. अण्णा खाटेवर बसून बघत होते. कच्च्या फोडीवर फेस आला तर उठून जवळ आले, चष्मा लावून बघितलं. मग म्हणाले आता उकडलेला दाखव. दाखवला. मग त्यांनी तिला विचारलं की हे त्या बाईनं विलायतेत केलं का? ती म्हणाली नाही आजोबा, हे वेगळं, ते याहून अवघड होतं, आणि जमिनीवर बसून पेशीचं चित्र काढून सायटोक्रोम समजावायला लागली, अर्धं तिलाही येत नव्हतं, मध्येच अडली. अण्णा म्हणाले, "मंग हाई कोठे शिकाडतस?" म्हणजे हे कुठे शिकवतात. ती म्हणाली अकरावी-बारावीत थोडं, पुढचं कॉलेजात.

अण्णा काही बोलले नाहीत. उकडलेला बटाटा उरला होता तो मिठाशी खाल्ला आणि झोपले. सकाळी मात्र मला हळूच विचारत होते की त्या पोरीचा काका पण केमिस्टच होता ना, आणि तो काय म्हणाला होता, पाठवायला.

@निवृत्त_केमिस्ट्री मॅडम, तुमच्या काकांचं मी त्यांना सांगितलं, टॉर्चचं. चालेल ना?

निवृत्त_केमिस्ट्री

चालेल म्हणजे काय. सायकल अॅटलसची होती, हेही सांगा.